बसतं म्हणजे चालतं का? एका आखूड काडतुसाची गोष्ट

१८५७ म्हटलं की आपल्याला काडतूस आठवतं. शाळेच्या इतिहासातलं ते एक पान सगळ्यांचं पाठ असतं. एनफिल्ड रायफल, चरबी लावलेलं कागदी काडतूस, ते दातांनी तोडायचा हुकूम, आणि बराकपूरला मंगल पांडे. पण त्याच १८५७ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये, आणखी एक काडतूस बाजारात आलं. त्याच्याबद्दल आपल्या पुस्तकात ओळसुद्धा नाही. करंगळीच्या पेराएवढं, अख्खं धातूचं, दातांनी तोडायची भानगडच नसलेलं. त्या काडतुसाचा थेट वंशज आज पुण्या-कोल्हापूरच्या नेमबाजीच्या रेंजवर रोज उडतो, आणि एनसीसीत गेलेल्या बऱ्याच जणांनी तो स्वतः उडवलेलाही आहे.

आज हे लिहायचं कारण एक प्रश्न. ओळखीतला एक मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. तिकडच्या कायद्यानं त्यानं .२२ मॅग्नम रायफल घेतली. मॅग्नमची काडतुसं महाग, म्हणून त्यानं विचारलं, "काका, याच्यात आखूड काडतूस पण बसतंय. बसतंय म्हणजे चालत असणार ना?" मी त्याला फोनवर दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण नंतर वाटलं की या एका वाक्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्यातला बराचसा भाग आपल्या घरापर्यंत, आपल्या कायद्यापर्यंत येतो. पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

आधी थोडं तांत्रिक, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

.२२ म्हणजे इंचाचे बावीस शतांश, नळीचा ढोबळ व्यास. मोठ्या काडतुसाच्या बुडाच्या मधोमध एक छोटी टोपी असते, चाप ओढला की पिन तिच्यावर आपटते. रिमफायर काडतुसात अशी वेगळी टोपी नसते. पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली कडा असते, ती आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत ठिणगी पाडणारं मिश्रण भरलेलं असतं. पिन कडेवर आपटते, कडा चेपते, मिश्रण पेटतं, त्यानं दारू पेटते. कडा सहज चेपली पाहिजे म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. ही पातळ पत्र्याची गोष्ट लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट. पुंगळीचं काम नुसतं दारू धरून ठेवण्याचं नसतं. बार झाला की ती फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे तापलेला गॅस मागे, उडवणाऱ्याच्या तोंडाकडे येत नाही, पुढे गोळीला ढकलतो. म्हणजे पातळ पुंगळीला चारी बाजूंनी भिंतीचा आधार लागतो. आधार नसेल तर ती फाटते.

आता इतिहास.

१८५७ चं ते काडतूस स्मिथ अँड वेसन कंपनीचं, त्यांच्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेलं. आज त्याला .२२ शॉर्ट म्हणतात. तेव्हा नुसतंच .२२ होतं, कारण दुसरं कोणी नव्हतंच. १८७१ च्या सुमारास तीच पुंगळी लांब करून .२२ लाँग आलं. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीनं लाँगची पुंगळी घेऊन तिच्यावर जड गोळी बसवली, ते .२२ लाँग रायफल. हेच आजचं जगातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं .२२. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं ते याच काडतुसावर, आणि २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली तेही याच काडतुसावर. दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातले, हे मुद्दाम सांगतो.

या तिघांची जाडी एकच, फरक लांबीत. म्हणून लाँग रायफलच्या बंदुकीत शॉर्ट बसतं, सुटतं आणि चालतं. चेंबरमध्ये पुढे थोडी मोकळी जागा राहते, तिथे काजळीचं कडं धरतं. बरेच शॉर्ट उडवून लगेच लाँग रायफल घातलं तर ते अडकतं, मग चेंबर पुसून काढावं लागतं. नेमही थोडा सैल होतो. पण धोका नाही. एकाच घराण्यातली माणसं एकाच खोलीत राहतात तसं.

१८९० मध्ये विंचेस्टर कंपनीला यापेक्षा दमदार .२२ हवं होतं. त्यांनी नवं घराणंच काढलं, .२२ विंचेस्टर रिमफायर, थोडक्यात डब्ल्यूआरएफ. जुन्या घराण्यात गोळीचा व्यास पुंगळीएवढाच असतो आणि गोळीचा बारीक केलेला मागचा भाग पुंगळीत शिरतो. डब्ल्यूआरएफमध्ये गोळीचा मागचा भाग पूर्ण जाडीनिशी पुंगळीच्या आत बसतो. गोळीवरचं वंगण आत राहतं, खिशातला कचरा त्याला चिकटत नाही. पण गोळी आत घ्यायची म्हणजे पुंगळी जाड झाली. जुन्या घराण्याची जाडी सुमारे ५.७ मिलिमीटर, डब्ल्यूआरएफची सुमारे ६.१. फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी. पुढचा सगळा घोळ या फरकामुळे आहे.

त्याच वर्षी विंचेस्टरनं मॉडेल १८९० ही पंपाची रायफल काढली, ब्राउनिंग बंधूंच्या डोक्यातून आलेली. आठ लाखांच्या वर बनल्या. मजा म्हणजे ही रायफल घेताना गिऱ्हाइकाला आधीच ठरवावं लागायचं की शॉर्टची हवी, लाँगची हवी की डब्ल्यूआरएफची. एकीत दुसरं चालायचं नाही. लोकांना हे आवडत नव्हतं. गावच्या दुकानात जे मिळेल ते उडवता आलं पाहिजे, अशी साधी मागणी होती. म्हणून विंचेस्टरच्याच १९०६ च्या मॉडेलमध्ये दोनेक वर्षांतच शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल तिन्ही चालतील अशी सोय आली.

म्हणजे काडतुसांचं जुळणं हे आपोआप होत नाही. कोणीतरी ठरवतं तेव्हा होतं. आणि कोणीतरी ठरवतं तेव्हा होत नाही. याचं उदाहरण त्याच कंपनीनं १९०३ मध्ये दिलं.

१९०३ ला विंचेस्टरनं आपोआप भरणारी .२२ रायफल आणली. तेव्हा बाजारात काळ्या दारूची .२२ काडतुसं ढिगानं होती. काळी दारू जळली की भरपूर काजळी सोडते, आणि आपोआप भरणारं यंत्र त्या काजळीनं चार दिवसांत बसलं असतं. बिनधुराच्या दारूचंच काडतूस वापरा असं छापून लोक ऐकणार नाहीत, हे कंपनीला पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी या रायफलसाठी वेगळ्याच जाडीचं काडतूस काढलं, .२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक. साधं .२२ त्यात नीट बसूच नये अशी योजना. कारण चांगलं होतं. पण पुढे काळी दारू बाजारातून गेली, साध्या .२२ मध्ये बिनधुराची दारू आली, आणि अडचणीचं कारणच संपलं. १९३३ मध्ये कंपनीनं तीच रायफल सुधारून लाँग रायफल काडतुसासाठी काढली. पण ज्यांनी १९०३ वाली घेतली होती त्यांचं काय? बंदूक ठणठणीत, काडतूस मिळेना. अमेरिकेत अशा कितीतरी रायफली भिंतीवर टांगलेल्या आहेत.

डब्ल्यूआरएफचंही नशीब जवळपास त्याच वाटेनं निघालं होतं. १९३० ला रेमिंग्टननं लाँग रायफलमध्ये जास्त वेगाची काडतुसं आणली आणि डब्ल्यूआरएफचा फायदा जवळजवळ संपला. १९३२ ला मॉडेल १८९० बनणं थांबलं. काडतूस महाग, दुकानात कमी, फायदा नाममात्र. सगळी लक्षणं संपत आल्याची.

आणि मग १९५९.

विंचेस्टरला पुन्हा दमदार रिमफायर काढायचं होतं. यावेळी त्यांनी नवं घराणं काढलं नाही. डब्ल्यूआरएफची जाडी, कडा, आतली गोळी ही रचना तशीच ठेवली आणि पुंगळी सुमारे सव्वादोन मिलिमीटरनं लांब केली. हे .२२ विंचेस्टर मॅग्नम रिमफायर. डब्यावर कुठे .२२ मॅग्नम, कुठे .२२ विन मॅग, कुठे डब्ल्यूएमआर लिहिलेलं असतं, वस्तू एकच. ४० ग्रेनची गोळी रायफलमधून सेकंदाला सुमारे ५८० मीटर वेगानं. साधं वेगवान लाँग रायफल ३८० च्या आसपास, डब्ल्यूआरएफ ४०० च्या आसपास. उडी किती मोठी होती ते बघा.

आता त्या सव्वादोन मिलिमीटरकडे नीट बघा. लांबी वाढवल्यामुळे एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. एक, मॅग्नमच्या नव्या रायफलमध्ये जुनं आखूड डब्ल्यूआरएफ व्यवस्थित बसतं. जाडी तीच, भिंतीचा आधार पूर्ण, दाब कमी. दोन, मॅग्नम काडतूस १८९० च्या जुन्या रायफलमध्ये पूर्ण शिरत नाही, बोल्ट बंद होत नाही. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या, सौम्य काडतुसासाठी बनवलेल्या बंदुकीत कोणी चुकून नवं जोरदार काडतूस घालू शकत नाही. नव्यात जुनं जातं, जुन्यात नवं जात नाही. दार एकाच बाजूनं उघडतं.

ही युक्ती विंचेस्टरची स्वतःची नाही. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा त्याचं काडतूस जुन्या .३८ स्पेशलपेक्षा तीनएक मिलिमीटरनं लांब ठेवलं, ते याचसाठी. मॅग्नममध्ये .३८ घाला, काही होत नाही. .३८ च्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम घालायला जाल तर सिलिंडर बंद होणार नाही. लोक सूचना वाचत नाहीत हे गृहीत धरून केलेली रचना आहे ही, आणि मला ती फार आवडते.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. "आखूड काडतूस" म्हणजे नेमकं कोणतं?

आखूड म्हणजे डब्ल्यूआरएफ असेल, डब्यावर तेच स्पष्ट लिहिलेलं असेल, तर मॅग्नम रायफलमध्ये ते बसतं, सुटतं आणि चालतं. रायफलच्या पुस्तिकेत मनाई नाही ना, तेवढं आधी बघायचं. गोळीला नळीतल्या पिळापर्यंत थोडं जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे नेम थोडा ढळू शकतो, शून्य पुन्हा लावावा लागतो. आपोआप भरणाऱ्या रायफलमध्ये दाब कमी पडून पुढचं काडतूस चढणार नाही असं होऊ शकतं. काजळीचं कडं धरतं, ते पुसायचं. बस.

आखूड म्हणजे साधं लाँग रायफल असेल, तर नाही. तिथे जाडीच वेगळी. ५.७ ची पुंगळी ६.१ च्या चेंबरमध्ये सैल पडते. बसलेली दिसते, कधीकधी सुटतेही, आणि नेमकं तेच फसवं आहे. भिंतीचा आधार नाही, पत्रा पातळ, पुंगळी फुगते, फाटते, गॅस आणि पितळेचे कण मागे येतात. मागे म्हणजे डोळ्याकडे. अमेरिकेत काडतुसांची मापं ठरवणारी सामी नावाची संस्था आहे, १९२६ पासूनची. तिच्या धोकादायक जोड्यांच्या यादीत .२२ मॅग्नमच्या बंदुकीत शॉर्ट, लाँग, लाँग रायफल वापरणं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता विनोद बघा. ज्या डब्ल्यूआरएफची आपण वर जवळजवळ तिरडी बांधली होती, ते या मॅग्नममुळे वाचलं. मॅग्नमवाल्यांना ससा-खारीसाठी सौम्य काडतूस हवं होतं, कारण मॅग्नमनं मांसाचा लगदा होतो. म्हणून विंचेस्टरनं आणि पुढे सीसीआयनं मधूनमधून डब्ल्यूआरएफचे घाणे काढले. २०२०-२१ च्या काडतूसटंचाईत तर लोक काय मिळेल ते शोधत होते. आणि या घाण्यांमुळे १८९० च्या मूळ रायफलवाल्यांनाही खुराक मिळत राहिला. १९५९ ला पुंगळीची जाडी बदलली असती तर हे काहीच झालं नसतं. (आपल्याकडे शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संपला, हे जाता जाता.)

इथपर्यंतची गोष्ट अमेरिकेची. कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यातली. आता आपल्याकडे येतो, कारण आपल्याकडे हाच प्रश्न सरकार आणि प्रजा यांच्यात होता.

१८५७ नंतर इंग्रजांनी काय केलं बघा. हिंदी पलटणींसाठी एनफिल्डचाच एक नमुना बनवला. बाहेरून तीच बंदूक. आतून नळीतले पीळ काढून ती गुळगुळीत आणि रुंद केलेली. लांबचा नेम गेला. गोऱ्या पलटणीची रायफल आणि हिंदी शिपायाची बंदूक यांत मुद्दाम अंतर ठेवायचं, हे धोरण पुढे बराच काळ चाललं. गोऱ्यांकडे नवी आली की त्यांची जुनी इकडे.

१८७८ ला लिटनचा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनांना सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत होते, ते याच अपमानामुळे.

त्यानंतरचा प्रकार आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. लष्कराची रायफल .३०३ झाली. सरकारला भीती अशी की लष्कराच्या कोठारातली काडतुसं चोरून बाहेर जातील, आणि बाहेर .३०३ च्या खासगी रायफली असतील तर ती सगळी वापरली जातील. विशेषतः वायव्य सरहद्दीवर. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात खासगी वापरासाठी .३०३ बंद केली. मग इंग्रज बंदूकवाल्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी वेगळ्या बोअरच्या रायफली काढल्या. त्यातली सगळ्यांत टिकलेली .३१५. तिचं काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावरून घेतलेलं. व्हिएन्नाचं काडतूस उत्तर प्रदेशातल्या जमीनदाराच्या घरात कसं पोचलं, याचं उत्तर एवढंच आहे की ते .३०३ मध्ये बसत नव्हतं.

इंग्रज गेले, .३१५ राहिली. स्वातंत्र्यानंतर आपल्याच इशापूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांनी ती बनवली. तिची काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्यात बनली. हा कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही इंग्रजी अक्षरं असतात, ती खडकीचीच. आयुध निर्माणी मंडळ मोडून १ ऑक्टोबर २०२१ ला सात कंपन्या केल्या, तेव्हा खडकी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. परवानाधारक लोक .३१५ ला "देशी बोअर" म्हणून ओळखतात. ती देशी झाली हे खरं, पण जन्माला आली ती आपल्यावर अविश्वास म्हणून.

तशीच .४१० मस्केट. जुन्या .३०३ रायफली घेऊन इशापूरला त्यांच्या नळ्या रुंद आणि गुळगुळीत केल्या, एकेरी बाराच्या केल्या आणि पोलीस, तुरुंग पहारेकरी यांना दिल्या. दिसायला .३०३, पण बंदूक कोणी हिसकावून नेली तरी लष्कराचं काडतूस त्याच्या उपयोगाचं होऊ नये, हा हेतू. इथे दार दोन्ही बाजूंनी बंद ठेवायचं होतं.

आता १९५९ कडे परत. तिकडे विंचेस्टरचं मॅग्नम आलं त्याच वर्षी इकडे स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा झाला. १९६२ ला त्याचे नियम आले, आणि त्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत निषिद्ध शस्त्रांची व्याख्या वाचण्यासारखी होती. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर बोअर निषिद्ध, एवढंच लिहून ते थांबले नाहीत. लष्करी .३०३ किंवा ७.६२ चं काडतूस ज्यात बसून सुटू शकतं अशी इतर कोणतीही बोअरसुद्धा निषिद्ध. .४१० मस्केटचं काडतूस ज्यातून सुटेल ती बंदूक निषिद्ध. ठरावीक लष्करी पिस्तुलाची काडतुसं ज्यात बसून सुटतील ती पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर निषिद्ध.

म्हणजे कायदा बंदुकीचं नाव विचारत नाही. तिच्यात काय बसतं आणि काय सुटतं, ते विचारतो. इंग्रजांच्या .३०३ बंदीचीच ही पुढची पायरी. कायदा करणाऱ्यांना काडतूस कळत होतं, हे मान्य करायला हवं. लष्कराचा दारूगोळा बाहेर वापरला जाऊ नये ही काळजी स्वतंत्र देशालाही असणारच, त्यात गैर काही नाही. फरक एवढाच की १८७८ चा कायदा कातडीचा रंग बघून सूट देत होता, १९५९ चा सगळ्यांना एकच माप लावतो.

पण इथे एक गोष्ट राहून जाते आणि माझा खरा मुद्दा तोच आहे. कायद्याला दोन क्रियापदं पुरतात, बसणं आणि सुटणं. त्याचा प्रश्न गैरवापराचा आहे, त्याला तेवढं बास. बंदूक हातात धरणाऱ्याला मात्र तिसरं क्रियापद लागतं, चालणं. लाँग रायफल मॅग्नममध्ये बसतं, सुटतंही, तरी चालत नाही. परवान्यावर बोअर लिहिलेली असते, .३१५, .२२, १२ बोअर. चेंबर किती लांब, काडतूस किती जोराचं, हे परवान्यावर कुठे नसतं.

हे कोरडं वाटत असेल तर १२ बोअरचं उदाहरण घ्या, कारण ती आपल्या गावागावांत आहे.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आहेत. डुकरं आणि वानरं शेतात काय करतात ते तिथल्या माणसाला सांगायला नको. काही ठासणीच्या, काही काडतुशी. घाटावर जुन्या वाड्यांमध्ये आजोबा-पणजोबांच्या विलायती दुनळी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे बऱ्याच घरांत जुनी बंदूक वारसाहक्कानं मुलाकडे, पुतण्याकडे गेली. म्हणजे जिच्या हातची सवय होती ती पिढी गेली, बंदूक राहिली.

आता जुन्या विलायती १२ बोअरचं चेंबर बरेचदा अडीच इंचाचं असतं, म्हणजे ६५ मिलिमीटर. आजची काडतुसं साधारण ७० मिलिमीटरची, काही ७६ ची. तुम्ही म्हणाल, लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये शिरणारच नाही, मॅग्नमसारखं. इथेच घात आहे. छऱ्याच्या काडतुसाची लांबी मोजतात ती बार झाल्यावर, तोंड उलगडल्यानंतरची. भरलेलं असताना तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड असतं आणि जुन्या चेंबरमध्ये झकास बसतं. बंदूक बंद होते. चाप ओढला की तोंड उलगडायला जागा नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते, दाब वाढतो. शंभर वर्षं जुन्या नळीवर.

रायफलमध्ये लांबी तुम्हाला अडवते. छऱ्याच्या बंदुकीत लांबी तुम्हाला अडवत नाही. ज्यानं एकदा रायफलवर "बसलं म्हणजे चाललं" शिकून घेतलं, तो दुनळीवर फसणार.

आणखी एक जोडी त्याहून वाईट. २० बोअरचं काडतूस चुकून १२ बोअरच्या नळीत टाकलं तर ते घसरून पुढे जाऊन अडकतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. मग माणूस १२ चं काडतूस भरतो. पुढचं सांगत नाही. यासाठीच २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायचा रिवाज पडला. तोही कोणीतरी विचार करून पाडलेला रिवाज, १९५९ च्या सव्वादोन मिलिमीटरसारखाच.

आपल्याकडे "बसतंय ना, मग झालं" हे वाक्य फार प्रेमानं म्हटलं जातं. मोटारीचा पार्ट, गॅसचा रेग्युलेटर, चार्जर, सगळीकडे. बऱ्याच ठिकाणी ते खपूनही जातं, कारण कोणीतरी मागे बसून मापं जुळवून ठेवलेली असतात. जिथे जुळवलेली नसतात तिथे "बसणं" हा पुरावा धरायचा नाही.

मला या प्रकरणात प्रशासनाकडून फार मोठं काही नको आहे. परवान्याचं नूतनीकरण होतं तेव्हा बंदूक आणून दाखवावी लागते. निवडणुकीच्या आचारसंहितेत तर बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. म्हणजे बंदूक सरकारच्या टेबलावर येतेच. त्या वेळी नंबर जुळवण्याबरोबर चेंबरची लांबी मोजून परवान्यात एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? जिल्ह्यात एक जाणकार आर्मोरर असला तरी पुरे. वारसाहक्कानं बंदूक नावावर करताना तर ही तपासणी सक्तीची हवी.

आणि ते होईपर्यंत, ज्यांच्या घरी परवान्याची जुनी बंदूक आहे त्यांना तीन सूचना. नळीवर, चेंबरच्या खालच्या सपाट भागावर कोरलेले आकडे असतात, ते वाचून घ्या. कळले नाहीत तर परवानाधारक विक्रेत्याकडून चेंबर मोजून घ्या, त्याला दहा मिनिटं लागतात. आणि काडतुसाच्या डब्यावरचं नाव आणि नळीवरचं नाव शब्दाला शब्द जुळत नसेल, तर जाणकारानं हो म्हटल्याशिवाय बार करू नका. डब्ल्यूआरएफ आणि मॅग्नमसारख्या जुळणाऱ्या जोड्या थोड्या आहेत, आणि त्या जुळतात कारण बनवणाऱ्यानं तसं आधी ठरवलं होतं.

घरी अशी बंदूक असलेला कोणी ओळखीत असेल तर त्याला हे वाचायला द्या. चेंबरची लांबी कोणाच्या परवान्यावर खरंच नोंदलेली असेल तर कमेंटमध्ये जिल्ह्याचं नाव लिहा. बंदुकीचा किंवा परवान्याचा फोटो मात्र कृपया टाकू नका.